चंद्रपूर-गडचिरोलीतील दूरचित्रवाणी आणि ऱ्हासाची कल्पना

१. प्रश्नाचे स्वरूप

दूरचित्रवाणीचा दर्जा उत्तरोत्तर खालावत गेला, जाहिरातींच्या गर्दीत कार्यक्रम हरवून गेले, आणि लोकशिक्षणाचे साधन म्हणून ज्याचे स्वागत झाले ते यंत्र अखेरीस बाजारातील दवंडीवाला बनले, ही तक्रार महाराष्ट्राच्या सुशिक्षित वर्गात गेली तीन दशके ऐकू येते. तक्रारीत तथ्य आहे. तथापि तिची मांडणी बहुधा एका ठराविक साच्यात होते. प्रथम एक सुवर्णकाळ कल्पिला जातो, त्यानंतर खाजगी वाहिन्यांचे आगमन हे त्या काळाच्या अंताचे कारण म्हणून पुढे केले जाते, आणि शेवटी अभिरुचीच्या अधोगतीविषयी खेद व्यक्त होतो. या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, ज्यांनी आज गमावले त्या सर्वांजवळ ते पूर्वी होते.

इतिहासाच्या अभ्यासकाने हे गृहीत तपासून पाहणे आवश्यक आहे. ऱ्हास म्हणजे उंचीवरून खाली येणे. ती उंची कोणत्या प्रदेशाला, कोणत्या समाजाला आणि किती काळ लाभली होती, हा प्रश्न आधी सोडविल्याखेरीज ऱ्हासाची चर्चा निराधार राहते. या दृष्टीने महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असलेले चंद्रपूर व गडचिरोली हे दोन अरण्यबहुल जिल्हे विशेष उद्बोधक आहेत. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. शासनव्यवस्था एक, विभागीय केंद्र नागपूर हेच. परंतु दूरचित्रवाणीचा अनुभव मात्र दोन्हीकडे भिन्न झाला. या भिन्नतेची कारणे शोधू गेल्यास दर्जाच्या प्रश्नावर अभिरुचीच्या चर्चेहून अधिक प्रकाश पडतो, असे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. मूळचे अभिवचन

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे प्रायोगिक स्वरूपात झाला. दैनंदिन सेवा १९६५ मध्ये सुरू झाली आणि २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीच्या आसपासच्या शेतकऱ्यांसाठी ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम दाखविला जाऊ लागला. गरीब देशाने इतक्या खर्चिक साधनाचा स्वीकार का करावा, या आक्षेपाला त्या काळी एकच समर्थ उत्तर होते, आणि ते विक्रम साराभाई यांनी दिले होते. त्यांच्या विचाराचा गाभा असा की, दूरचित्रवाणी शहरांतून हळूहळू खेड्यांकडे पाझरत जाऊ देण्याऐवजी उपग्रहाच्या साहाय्याने ती एकदम दूरस्थ व एकाकी खेड्यांपर्यंत न्यावी. कारण शाळा, रस्ते आणि तज्ज्ञ शिक्षक यांचा अभाव जेथे सर्वांत अधिक, तेथेच या साधनाचा उपयोगही सर्वांत अधिक.

या विचाराची परीक्षा १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाली. अमेरिकेचा ‘एटीएस-६’ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत सामुदायिक संचांवर कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळी शाळकरी मुलांसाठी दीड तास आणि सायंकाळी प्रौढांसाठी अडीच तास, असा दिवसाचा क्रम होता. शेती, आरोग्य आणि प्राथमिक विज्ञान हे त्यांतील प्रमुख विषय होत. या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. चंद्रपूरच्या पूर्वेस असलेल्या, तत्कालीन मध्य प्रदेशातील रायपूर परिसराची खेडी प्रयोगात होती. त्याच अरण्यपट्ट्याचा पुढचा भाग असलेला चंद्रपूर जिल्हा मात्र राज्याच्या सीमेमुळे बाहेर राहिला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते आणि ‘आमची माती आमची माणसं’, ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘ज्ञानदीप’ यांसारखे त्याचे कार्यक्रम पुढे मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात कायमचे राहिले. परंतु त्याचे प्रक्षेपण मुंबईच्या परिसरात आणि १९७३ नंतर पुण्याकडे मिळत असे. वैनगंगा आणि इंद्रावती यांच्या खोऱ्यांशी त्याचा संबंध नव्हता.

याचा अर्थ असा की, सत्तरीच्या दशकातील ज्या दूरचित्रवाणीला सुवर्णकाळ म्हटले जाते, ती मराठी भाषिकांपैकी एका मर्यादित भागाची होती. अरण्यप्रदेशाच्या वाट्याला त्या काळात आले ते केवळ अभिवचन.

३. दोन जिल्हे, दोन कालमाने

१९८२ हे वर्ष या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे आहे. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले. त्याच ऑगस्टच्या अखेरीस गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. पुढील वर्षी ३० ऑगस्टला ‘इन्सॅट-१ बी’ हा उपग्रह अवकाशात गेला आणि त्याच्या आधारे देशभर प्रक्षेपण केंद्रांचे जाळे विणले जाऊ लागले. १९८४ मध्ये काही महिने दिवसाला सरासरी एक या वेगाने नवी केंद्रे उभी राहिली.

येथे तंत्राची एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. या विस्तारातील बहुसंख्य केंद्रे अल्पशक्तीची होती. अशा केंद्राचे चित्र सुमारे १५ ते २५ किलोमीटरांच्या परिघात स्पष्ट दिसे. ज्या प्रदेशात शहरे एकमेकांच्या निकट आहेत तेथे अशा वर्तुळांनी भूभाग झाकला जातो. परंतु ज्या प्रदेशात दोन गावांमध्ये अरण्य, डोंगर आणि पूल नसलेल्या नद्या आहेत तेथे वर्तुळाबाहेरचा भागच मोठा राहतो. १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या गडचिरोली जिल्ह्यात लोकवस्तीची घनता २०११ च्या जनगणनेनुसारही दर चौरस किलोमीटरला अवघी ७४ होती. उत्तरेस कोरची-कुरखेड्यापासून दक्षिणेस गोदावरीकाठच्या सिरोंचापर्यंत हा जिल्हा दोनशे किलोमीटरांहून अधिक लांब पसरला आहे. भामरागडसारखे तालुक्याचे ठिकाण पर्लकोटा नदीच्या पुरामुळे पावसाळ्यात वारंवार तुटते. अशा भूभागाला अल्पशक्ती केंद्रांची योजना मूलतःच अनुरूप नव्हती.

दुसरी मर्यादा विजेची. चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथे उभारलेले औष्णिक विद्युत् केंद्र १९८० च्या दशकात कार्यान्वित झाले आणि विस्तारानंतर त्याची स्थापित क्षमता दोन हजार मेगावॅटच्या पुढे गेली. येथील कोळशावर निर्माण होणारी वीज राज्याच्या दूरदूरच्या शहरांना गेली. परंतु शेजारच्या अरण्यातील अनेक पाड्यांना ती पुढे कित्येक वर्षे मिळाली नाही. विजेवाचून संच नाही, ही साधी गोष्ट दूरचित्रवाणीच्या सांस्कृतिक चर्चेत सहसा विसरली जाते.

परिणामी दोन जिल्ह्यांची कालमाने वेगळी झाली. चंद्रपूर शहर, बल्लारपूरच्या कागद गिरणीची वसाहत, भद्रावतीच्या आयुधनिर्माणीची वसाहत, वेकोलिच्या खाणकामगारांची घरे आणि दुर्गापूरची ऊर्जानगर वसाहत येथे नियमित वेतन होते, वीज होती आणि देशाच्या नाना भागांतून आलेला कर्मचारीवर्ग होता. या वर्गाने १९८४ मधील ‘हम लोग’ आणि जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी दाखविले जाणारे ‘रामायण’ ही राष्ट्राच्या इतर नगरांबरोबरच अनुभवली. म्हणून ‘पूर्वी बरे होते’ या वाक्याला या वसाहतींत अर्थ आहे. गडचिरोलीच्या दक्षिण व पूर्व भागांतील मोठ्या लोकसंख्येला मात्र दूरचित्रवाणी सुलभ झाली ती डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मासिक शुल्कमुक्त तबकडी-सेवा सुरू झाल्यानंतर, जसजशी वीज पोहोचली तसतशी. तोपर्यंत माध्यमाचे स्वरूप पालटून गेले होते. तेथील अनेक कुटुंबांनी पहिल्याच दिवशी जी दूरचित्रवाणी पाहिली ती जाहिरातींनी व्यापलेलीच होती. त्यांच्यासाठी ऱ्हास झाला असे म्हणता येत नाही. चढ न पाहताच त्यांना उतार मिळाला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

४. खर्चाचा भार आणि कार्यक्रमाचे स्वरूप

हे पालटलेले स्वरूप खाजगी वाहिन्यांनी आणले, हा समज अर्धसत्य आहे. दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाल्या. म्हणजे सहा राज्यांतील उपग्रह-प्रयोग चालू असतानाच. त्याच वर्षी १ एप्रिलला दूरदर्शन आकाशवाणीपासून स्वतंत्र झाले. ऐंशीच्या दशकात प्रायोजित कार्यक्रमांची पद्धत रुळली आणि १९८५ मध्ये संचासाठीचे अनुज्ञाशुल्क रद्द झाले. या शेवटच्या निर्णयाचे लोकांनी स्वागत केले, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु त्यामुळे प्रेक्षक आणि प्रसारण यांमधील आर्थिक नात्याचा एक धागा तुटला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शुल्क देणारा प्रेक्षक निदान तत्त्वतः हिशेब मागू शकत होता. शुल्क संपल्यावर खर्चाचा भार शासन आणि जाहिरातदार या दोघांवर राहिला, आणि प्रेक्षक हा हिशेबातील पक्ष न राहता हिशेबाचा विषय झाला.

‘हम लोग’ या मालिकेचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या लोकशिक्षणपर मालिकांपासून प्रेरणा घेऊन ती कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी योजिली गेली होती. पहिल्या तेरा भागांत उपदेशाचा भाग अधिक असल्याने प्रेक्षक कंटाळले; पुढे तो सौम्य करण्यात आला आणि मालिका कमालीची लोकप्रिय झाली. प्रायोजकाचा झटपट शिजणारा शेवयांचा पदार्थ या मालिकेबरोबर घरोघर पोहोचला. मालिका वाईट होती असे कोणी म्हणणार नाही. मुद्दा एवढाच की, या यशातून सार्वजनिक प्रसारणाला जो धडा मिळाला तो शिक्षणाच्या परिणामकारकतेचा नसून प्रायोजनाच्या लाभाचा होता. १९८५ मध्ये पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने दूरदर्शनच्या कार्यक्रमांविषयी जे प्रतिवृत्त दिले, त्यात नागर मध्यमवर्गाकडे झुकलेल्या या वळणाबद्दल चिंता व्यक्त झाली होती आणि स्थानिक, विकेंद्रित निर्मितीचा आग्रह धरला होता. आर्थिक ओघ मात्र त्याच्या विरुद्ध दिशेने वाहत राहिला.

१९९२ च्या ऑक्टोबरात पहिली खाजगी हिंदी उपग्रह-वाहिनी आली. १९९९ व २००० या वर्षांत खाजगी मराठी वाहिन्या सुरू झाल्या. १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांचा उपयोग लोकहितासाठी झाला पाहिजे, असा निर्णय दिला. त्याच वर्षी केबल जाळ्यांच्या नियमनाचा कायदा झाला, आणि २००६ मध्ये त्याखालील नियमांत तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिराती नसाव्यात, त्यांपैकी दहा मिनिटे व्यापारी आणि दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या, अशी मर्यादा घालण्यात आली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२-१३ मध्ये ही मर्यादा प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न करताच २०१३ मध्ये वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि अंमलबजावणी रखडली. वाहिन्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. प्रेक्षकाकडून मिळणारे शुल्क मध्यस्थांतच विरते, म्हणून जाहिरातीवाचून गत्यंतर नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिनीवार शुल्काची नवी पद्धत लागू झाल्यावरही जाहिरातींची गर्दी ओसरली नाही. यावरून असे अनुमान निघते की, प्रेक्षकाने पैसे दिले म्हणजे आपोआप दर्जा सुधारतो, हे समीकरणही अपुरे आहे. पैसे देणाऱ्याचे म्हणणे ऐकण्याची व्यवस्था असणे ही त्याहून महत्त्वाची अट होय.

५. कोणाची मोजणी झाली?

प्रेक्षकाचे म्हणणे ऐकण्याची जी एकमेव व्यवस्था व्यापारी दूरचित्रवाणीने निर्माण केली, ती प्रेक्षकमापनाची. निवडक घरांतील संचांना मापनयंत्रे जोडून कोणता कार्यक्रम किती जण पाहतात याचे अनुमान बांधावयाचे, आणि त्या अनुमानावर जाहिरातीचा दर ठरवावयाचा, अशी ही रीत आहे. २०११ च्या प्रारंभी अमित मित्रा समितीने आपले प्रतिवृत्त दिले तेव्हा संपूर्ण देशासाठी अशी सुमारे आठ हजार यंत्रे होती, आणि ती एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांतच बसविली जात. समितीने यंत्रांची संख्या तीस हजारांपर्यंत वाढवावी व ग्रामीण भागाचा समावेश करावा, अशी शिफारस केली.

हा निकष प्रस्तुत दोन जिल्ह्यांना लावून पाहिला म्हणजे त्याचा अर्थ स्पष्ट होतो. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर शहराची लोकसंख्या तीन लाखांहून अधिक होती. गडचिरोली शहराची ५४ हजारांच्या आसपास. गडचिरोली जिल्ह्यात एक लाखाचे एकही शहर नव्हते. म्हणजे त्या जिल्ह्यातील १० लाख ७२ हजारांहून अधिक लोकांपैकी एकाचेही पाहणे या मोजणीत येण्याचा संभव नव्हता. त्यांनी एखादा कार्यक्रम आवडीने पाहिला काय किंवा कंटाळून संच बंद केला काय, वाहिनीच्या उत्पन्नात पैशाचाही फरक पडत नव्हता. दूरस्थ खेड्यांसाठी म्हणून ज्या माध्यमाचे समर्थन झाले, त्याच्या हिशेबाच्या वहीत दूरस्थ खेड्यांना रकानाच नव्हता.

२०१५ मध्ये नव्या संस्थेकडे मापनाचे काम गेले आणि त्याच वर्षी ग्रामीण घरांची गणना सुरू झाली. परिणाम तात्काळ दिसला. शुल्कमुक्त तबकडीवरील वाहिन्यांची श्रोतृसंख्या एकाएकी मोठी ठरली, आणि व्यापारी समूहांना ग्रामीण प्रेक्षकात रस उत्पन्न झाला. मात्र या प्रेक्षकासाठी त्यांनी जे पुढे केले ते बहुतांशी नागर वाहिन्यांवर पूर्वी दाखविलेल्या हिंदी मालिकांचे पुनःप्रक्षेपण होते. १ मार्च २०१९ ला, नव्या शुल्कपद्धतीच्या पार्श्वभूमीवर, या समूहांनी आपल्या प्रमुख वाहिन्या शुल्कमुक्त सेवेतून काढून घेतल्या आणि २०२० मध्ये परत आणल्या. ग्रामीण प्रेक्षक आता मोजला जाऊ लागला होता. परंतु काय दाखवावे आणि केव्हा काढून घ्यावे, हे ठरविताना त्याला विचारण्याचे कारण कोणास वाटले नाही.

६. भाषा आणि दारूबंदी : दोन स्थानिक कसोट्या

दर्जा हा शब्द पुष्कळदा कलागुणांपुरता वापरला जातो. परंतु प्रसारण ज्या समाजासाठी आहे त्या समाजाशी त्याची संगती किती, हीही दर्जाची कसोटी आहे. या दोन जिल्ह्यांत ती दोन ठिकाणी विशेषत्वाने लागू पडते.

पहिली कसोटी भाषेची. वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीबोली बोलली जाते. भामरागड-एटापल्लीच्या भागात माडिया, इतरत्र गोंडी, सिरोंचाच्या बाजूस तेलुगू, आणि पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली अशी येथील भाषिक रचना आहे. देशभरात सुमारे ३० लाख लोकांची मातृभाषा असलेल्या गोंडीला दूरचित्रवाणीवर नियमित स्थान मिळाले नाही. झाडीबोली मराठी मालिकांत आली तर विनोदी नोकराच्या तोंडी वऱ्हाडीशी मिसळून. सिरोंचाच्या तेलुगू भाषिकास शेजारच्या राज्याच्या वाहिन्यांमुळे निदान आपली भाषा ऐकावयास मिळते. माडिया भाषिकास तेवढेही नाही. आठवड्याच्या बाजारातील खरेदी-विक्रीत ज्या भाषा सहज चालतात, त्या भाषांतून जाहिरातसुद्धा आली नाही, ही गोष्ट बोलकी आहे. अरण्यवासी हा व्यापारी दूरचित्रवाणीला ग्राहक म्हणूनही फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता.

दुसरी कसोटी दारूबंदीची. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, दीर्घ चळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. दूरचित्रवाणीवरील जाहिराती मात्र जिल्ह्याच्या सीमा ओळखत नाहीत. मद्याच्याच नावाने सोडा, पत्त्यांचे जोड किंवा ध्वनिफिती यांची जाहिरात करण्याची युक्ती नव्वदीच्या दशकात सर्वत्र रूढ झाली. २००० साली केबलच्या नियमांत दुरुस्ती करून मद्य व तंबाखू यांच्या अप्रत्यक्ष जाहिरातीसही मनाई करण्यात आली, आणि तंबाखूच्या जाहिरातींवर २००३ च्या कायद्याने बंदी आली. तरीही त्याच नावांची वेलची आणि पानमसाला प्रसिद्ध नटांच्या तोंडून पडद्यावर येतच राहिले. ग्रामसभेने ठराव करून जी वस्तू गावाबाहेर काढली तिचे नाव रात्रीच्या मालिकेबरोबर घरात यावे, हा विरोध केवळ अभिरुचीचा नाही. एका समाजाने स्वतःविषयी घेतलेल्या निर्णयाला प्रसारणव्यवस्थेने काही किंमत द्यावी की नाही, असा हा प्रश्न आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ या काळात दारूबंदी असताना हाच प्रश्न तेथेही उपस्थित झाला होता.

७. तुलना : झाडीपट्टीची रंगभूमी

व्यापार आला म्हणजे दर्जा गेला, असा निष्कर्ष यावरून काढावयाचा काय? याचे उत्तर देण्यास याच प्रदेशात एक तुलनेचे साधन उपलब्ध आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत झाडीपट्टीची रंगभूमी म्हणून ओळखली जाणारी नाट्यपरंपरा आहे. दंडार, खडी गंमत इत्यादी लोकप्रकारांशी तिचे नाते असून धानाची कापणी झाल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत तिचा हंगाम चालतो. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे वडसा, हे तिचे केंद्र. नाटक मंडळ्यांची कार्यालये तेथे थाटली जातात. गावोगावची मंडळे तेथे येऊन प्रयोग ठरवितात, ठरलेली रक्कम कंपनीस देतात आणि गावात तिकिटे विकून ती वसूल करतात. मंडई किंवा शंकरपट यांच्या निमित्ताने पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात आणि रात्रभर नाटक चालते. या रंगभूमीवरील दीर्घ सेवेबद्दल परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

ही रंगभूमी शासनाच्या अनुदानावर जगलेली नाही. ती पूर्णतः धंद्याची रंगभूमी आहे. चढाओढ, भडक भित्तिपत्रके आणि गल्ल्याची चिंता या सर्व गोष्टी तेथे आहेत. किंबहुना दूरचित्रवाणीवर ज्या दोषांचा ठपका ठेवला जातो त्यांतील काही तेथेही शिरले आहेत. मुंबई-पुण्याच्या मालिकांतील नटनट्यांना आकर्षण म्हणून आणणे, कथानकाशी असंबद्ध नृत्ये घुसडणे आणि द्व्यर्थी विनोद यांविषयी झाडीपट्टीच्या जाणत्या प्रेक्षकांतच नाराजी आहे. तेव्हा तिला निर्दोष ठरवून दूरचित्रवाणीच्या विरोधात उभे करणे अनैतिहासिक होईल.

फरक आहे तो निराळ्या ठिकाणी. या रंगभूमीत पैसे देणारा, पाहणारा आणि निवड करणारा हा एकच समाज आहे, आणि तो नटाच्या समोर बसलेला आहे. नाटक पडले तर पुढील वर्षी ते मंडळ त्या कंपनीकडे जात नाही. एका गावातील बरावाईट बोलबाला आठवड्याभरात दहा गावांत पोहोचतो. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हा शंकरपट थांबले आणि त्यांच्याबरोबर जमणारी गर्दीही गेली. तरी नाटके चालू राहिली. घरोघर संच आल्यावर ही रंगभूमी लोपेल असे भाकीत सहज करता आले असते; प्रत्यक्षात ती टिकून राहिली. याचे एक कारण असे दिसते की, ज्या गोष्टी दूरचित्रवाणीने या प्रदेशाला देऊ केल्या नाहीत, म्हणजे आपली बोली, आपला हंगाम आणि आपल्या पसंतीला असलेले वजन, त्या गोष्टी तेथे मिळत होत्या.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, दूरचित्रवाणीच्या ऱ्हासाचा इतिहास सर्व महाराष्ट्रासाठी एक नाही. चंद्रपूरच्या औद्योगिक वसाहतींत तो ऱ्हास म्हणून अनुभवला गेला. गडचिरोलीच्या अरण्यात तो न पाळलेल्या अभिवचनाचा इतिहास आहे. पहिल्या वर्गाचे दुःख गमावल्याचे आहे, तर दुसऱ्यावर झालेला अन्याय वाट्याला कधीच न आल्याचा आहे. त्या दोहोंना एकच नाव देणे म्हणजे अधिक वंचित असलेल्याचा अनुभव कमी वंचित असलेल्याच्या भाषेत मिटवून टाकणे होय.

दुसरी गोष्ट अशी की, या स्थितीचे मूळ केवळ १९९२ नंतरच्या खाजगी वाहिन्यांत नाही. १९७६ च्या जाहिराती, ऐंशीच्या दशकातील प्रायोजन, १९८५ मधील अनुज्ञाशुल्काचा लोप आणि एक लाखाखालील वस्ती वगळणारे मापन, अशा एकामागून एक निर्णयांनी प्रेक्षक हा प्रसारणाचा धनी न राहता त्याचा माल बनला. यांपैकी बहुतेक निर्णय त्या त्या वेळी सोयीचे व निरुपद्रवी वाटले होते.

तिसरी गोष्ट झाडीपट्टीच्या तुलनेतून येते. धंदा आणि दर्जा यांचे मूलतःच वैर आहे असे हा प्रदेश सांगत नाही. तो एवढेच सांगतो की, ज्याच्यासाठी खेळ आहे त्याला नकार देण्याचा अधिकार असावा आणि त्या नकाराची झळ खेळ करणाराला लागावी. साराभाईंच्या कल्पनेतील खेडे हे शिकणारे खेडे होते, बाजारातील खेडे हे विकत घेणारे खेडे झाले; पण विचारले जाणारे खेडे या दोन्ही योजनांत नव्हते. प्रसारणाच्या दर्जाविषयी पुढे जी काही चर्चा होईल तिने जाहिरातींची मिनिटे मोजण्याबरोबरच हा तिसरा प्रश्नही हाती घेतला, तरच तिला भामरागडच्या माडिया पाड्यापर्यंत पोहोचण्याची काही आशा आहे.